शब्द पाठ करू नका, उकलून पाहा
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



चौदा विद्या आणि चौसष्ट कलांच्या अधिपतीपुढे उभा राहून मी आज इंग्रजीवर बोलणार आहे. काहींना हे विचित्र वाटेल. गणपतीच्या मंडपात इंग्रजी कशाला? पण मंडळाने विषय विचारला तेव्हा मी हाच दिला, कारण गेल्या काही वर्षांत आपल्या घराघरांत जी काळजी मी ऐकतो ती हीच आहे. पोराला इंग्रजी येत नाही. शब्द पाठ होत नाहीत, झाले तर टिकत नाहीत.

मी बत्तीस वर्षे हिंदी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवले. माझी पद्धत सगळ्या मास्तरांची होती तीच. फळ्यावर रोज दहा शब्द, अर्थासह. उद्या पाठ करून यायचे. नाही आले तर उभे राहायचे. आज हे सांगताना मला अभिमान वाटत नाही. त्या दहा शब्दांतले किती टिकले, हे मला माझ्याच जुन्या विद्यार्थ्यांनी सांगितले आहे. एक जण आता संत्र्याचा व्यापार करतो. तो म्हणाला, "सर, तुमचे शब्द परीक्षेपर्यंत राहिले. पेपर देऊन शाळेच्या फाटकाबाहेर आलो आन् सांडून गेले."

मला जाग आली ती मात्र निवृत्तीनंतर, आणि तीही घरच्या प्रसंगाने. तो आधी सांगतो.

माझे मोठे बंधू मधुमेहाचे रुग्ण. त्यांना नागपूरला दाखल केले होते. घरी सोडताना जो कागद मिळाला त्यावर डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिले होते की यांना 'हायपोग्लायसेमिया' होण्याची शक्यता आहे, घाम आणि थरथर यांकडे लक्ष ठेवा. घरात इंग्रजीचा मास्तर मी. सगळ्यांनी कागद माझ्या हातात दिला. मी वाचला. 'हायपरटेन्शन' म्हणजे वाढलेला रक्तदाब हे मला माहीत होते. तसाच हाही शब्द असणार, शुगर वाढणे, असे मी धरून चाललो आणि घरच्यांना तसे सांगून मोकळा झालो.

चौथ्या रात्री दादांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले. मी म्हणालो, शुगर वाढली. वहिनींनी चहा आणला होता, तोही साखरेचा म्हणून मी परत पाठवला. तेवढ्यात शेजारची मुलगी धावत आली. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. तिने कागद पाहिला आणि म्हणाली, "काका, हे हायपर नाही, हायपो आहे. शुगर वाढली नाही, उतरली आहे. साखर द्या आधी." दादा शुद्धीवर होते, गिळू शकत होते. तिने साखरेचे पाणी चमच्याने पाजले. पंधरा-वीस मिनिटांत ते उठून बसले. मग आम्ही डॉक्टरांना फोन केला.

मी तिला विचारले, एवढा मोठा शब्द तू पाठ कसा केलास? ती म्हणाली, "पाठ नाही केला, काका. हायपो म्हणजे कमी, हायपर म्हणजे जास्त, ग्लाय म्हणजे साखर, एमिया म्हणजे रक्तातलं. पहिल्या महिन्यात आम्हाला हेच शिकवतात."

बत्तीस वर्षे मी शब्द अख्खे गिळायला लावत होतो. त्या मुलीला कोणीतरी ते सोलायला शिकवले होते. संत्रे सालीसकट कोणी खात नाही, आधी साल काढतो, मग फोडी करतो. शब्दाचेही तेच. आज मला तुम्हाला एवढेच दाखवायचे आहे की शब्द सोलायचा कसा. आणि दुसरे, जे मला जास्त महत्त्वाचे वाटते, ते हे की ही कला आपल्या पोरांना आधीच येते. ती त्यांच्या मराठीत आहे.

बघा, घरातल्या आजीबाईंना इंग्रजी येत नाही असे आपण म्हणतो. पण त्या नातवाला म्हणतात, "बापू, माह्या मोबाईलचा रिचार्ज संपला." पोरगा म्हणतो, ॲप अनइन्स्टॉल कर, फोन रिस्टार्ट कर. सिम प्रीपेड की पोस्टपेड हे भाजीवालीलाही कळते. आपल्या स्टेशनवर डब्यावर 'अनरिझर्व्ड' लिहिलेले असते, काही गाड्यांना आपण सुपरफास्ट म्हणतो, काहींना इंटरसिटी. म्हणजे री, अन, प्री, पोस्ट, सुपर, इंटर हे सहा तुकडे घरात येऊन बसले आहेत. त्यांना कोणी नावाने हाक मारली नाही, इतकेच.

शब्दाच्या पुढे जोडला जातो तो उपसर्ग, मागे जोडला जातो तो प्रत्यय, आणि मधला गाभा म्हणजे धातू किंवा मूळ शब्द. हे मराठी व्याकरणात सातवी-आठवीत येते आणि दोन गुणांचा प्रश्न म्हणून निघून जाते.

संस्कृतमधला 'हृ' धातू घ्या. अर्थ, नेणे. त्याला 'आ' लागला की आहार, 'वि' लागला की विहार, 'प्र' लागला की प्रहार, 'सम्' लागला की संहार, 'परि' लागला की परिहार. धातू एकच, पण जेवण, फिरणे, मारणे, नाश आणि निवारण असे पाच रस्ते. उपसर्ग धातूचा अर्थ जबरदस्तीने दुसरीकडे ओढून नेतो, असे आपल्या जुन्या वैयाकरणांनी हीच उदाहरणे देऊन सांगून ठेवले आहे.

आता इंग्रजीतला 'पोर्ट' पाहा. हा लॅटिनमधून आला आणि त्याचाही अर्थ नेणे, वाहणे. 'इम' म्हणजे आत, इम्पोर्ट म्हणजे आत आणणे, आयात. 'एक्स' म्हणजे बाहेर, एक्सपोर्ट म्हणजे निर्यात. 'ट्रान्स' म्हणजे पलीकडे, ट्रान्सपोर्ट म्हणजे इकडून तिकडे नेणे. 'री' म्हणजे परत, रिपोर्ट म्हणजे बातमी परत आणून देणे. 'एबल' म्हणजे जोगे, पोर्टेबल म्हणजे नेण्याजोगे. 'अर' म्हणजे करणारा, पोर्टर म्हणजे स्टेशनवरचा हमाल. एक गाभा कळला आणि सहा शब्द घरात आले. माझ्या जुन्या पद्धतीने हे सहा शब्द सहा वेगळ्या दिवशी, सहा वेगळ्या यादीत आले असते आणि एकमेकांना ओळखलेही नसते.

कोणी म्हणेल, असे उपसर्ग शेकडो असतील, ते पाठ करायचे म्हणजे पुन्हा घोकंपट्टीच. तसे नाही. १९८९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी शालेय इंग्रजीतल्या उपसर्गयुक्त शब्दांची मोजणी करून पाहिली. अन, री, 'नाही' अर्थाचा इन आणि डिस, या चारच उपसर्गांनी ५८ टक्के शब्द व्यापले. वीस उपसर्ग घेतले तर ९७ टक्के. आठवड्याला एक घेतला तरी या दिवाळीपासून पुढच्या गुढीपाडव्याच्या आसपास मुख्य काम झाले.

आता हे चार आपल्या मराठीशेजारी बसवू.

'अन' आणि 'इन' म्हणजे आपले अ, अन्. हॅपी-अनहॅपी, सुखी-असुखी. डायरेक्ट-इनडायरेक्ट, प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष. 'री' म्हणजे पुन्हा, पुनर्. रिबिल्ड म्हणजे पुनर्बांधणी, रिमॅरेज म्हणजे पुनर्विवाह. 'डिस' म्हणजे उलट किंवा अभाव. ऑनेस्ट-डिसऑनेस्ट, प्रामाणिक-अप्रामाणिक. पाचवा मी माझ्याकडून जोडतो, 'मिस'. त्याला आपल्याकडे फार सुरेख जोडीदार आहे, 'गैर'. मिसअंडरस्टँडिंग म्हणजे गैरसमज, मिसयूज म्हणजे गैरवापर, मिसबिहेवियर म्हणजे गैरवर्तन. समज, वापर, वर्तन हे तीन शब्द ज्या पोराला मराठीत येतात, त्याला ते लांबलचक इंग्रजी शब्द दोन मिनिटांत कळतात.

इथे एक गंमत आहे, तीही तुमच्या कानावर घालतो. हे सारखेपण सगळेच योगायोगाचे नाही. २ फेब्रुवारी १७८६ रोजी सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीत केलेल्या भाषणात सांगितले की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा इतक्या सारख्या आहेत की त्या एकाच मुळातून निघाल्या असाव्यात. पुढच्या अभ्यासकांनी ते तपासून पक्के केले. इंग्रजीतले निम्म्याहून अधिक शब्द लॅटिन, फ्रेंच आणि ग्रीकमधून आलेले आहेत. म्हणजे त्यांचे पुष्कळ उपसर्ग आपल्या संस्कृत उपसर्गांचे चुलतभाऊ लागतात.

ओळख करून देतो. आपला 'अंतर्', त्यांचा 'इंटर'. आपला 'परि', त्यांचा 'पेरी'. परिमिती म्हणजे पेरिमीटर, गणितात दोन्ही भेटतात. आपला 'प्र', त्यांचा 'प्रो'. प्रगती आणि प्रोग्रेस, दोन्हींत पुढे पाऊल आहे. आपला 'दुर्', ग्रीकचा 'डिस', स्पेलिंगमध्ये वाय असलेला. डिसेंट्री म्हणजे आतड्याचे दुखणे, त्यात हाच दुर् बसलेला आहे. आपला 'त्रि', त्यांचा 'ट्राय'. त्रिकोण, ट्रायअँगल.

आणि आता दादांच्या कागदावरचे ते दोन शब्द. आपला 'उप' म्हणजे जवळचा, हाताखालचा, खालचा. त्याचा ग्रीक भाऊ 'हायपो', लॅटिन भाऊ 'सब'. आपला 'उपरि' म्हणजे वर. त्याचा ग्रीक भाऊ 'हायपर', लॅटिन भाऊ 'सुपर'. उपसमिती म्हणजे सबकमिटी, उपनिरीक्षक म्हणजे सबइन्स्पेक्टर. हायपोथायरॉइड म्हणजे थायरॉइडचे काम कमी, हायपरथायरॉइड म्हणजे जास्त. 'उप' आणि 'उपरि' हे मी विद्यार्थी असल्यापासून जाणत होतो. तरी त्या रात्री मला हायपो कळला नाही, कारण माझ्या डोक्यात मराठीची खोली वेगळी होती, इंग्रजीची वेगळी, आणि मधले दार मीच कधी उघडले नव्हते.

आपल्या भागाला तर हे दार उघडणे इतरांपेक्षा सोपे आहे. आपण मध्यप्रांत आणि वऱ्हाडातले लोक. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले, आपण छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्यप्रदेशात राहिलो. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर आपल्याबरोबर आले. राज्य कोणतेही असो, घरात मराठी राहिली, शाळेत आणि कचेरीत हिंदी आली. म्हणून आपल्या पोराला एकाच गोष्टीची दोन-दोन नावे माहीत असतात. सीमेपलीकडे 'उपविभागीय अधिकारी', आपल्याकडे 'अनुविभागीय अधिकारी'. उप काय, अनु काय, इंग्रजी मूळ एकच, सबडिव्हिजनल. तिकडे आमदार, इकडे विधायक. आमदारातला 'दार' फारसीचा, तोच दुकानदार, तहसीलदार, फौजदारात. विधायकातला 'वि' आणि 'धा' संस्कृतचे, तेच विधान, विधेयक, संविधानात. पांढुर्ण्याच्या पोराजवळ संस्कृतचे तुकडे आहेत, फारसीचे आहेत. इंग्रजीचे तिसरे गाठोडे उघडायला त्याला अडचण का यावी?

याच मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या काळात नागपूरला एका विद्वानाने उपसर्ग-प्रत्ययांवर फार मोठे काम केले. डॉ. रघुवीर. इंग्रजी पारिभाषिक शब्दांना भारतीय शब्द घडवताना त्यांचा हिशेब असा होता की वीस उपसर्ग, ऐंशी प्रत्यय आणि पाचशेवीस धातू यांच्या जुळणीतून लाखो शब्द तयार होतात. त्यांचे पुष्कळ शब्द लोकांना जड वाटले, त्यांची थट्टाही झाली. त्या वादात मी पडत नाही. पण हिशेब बरोबर होता. थोड्या तुकड्यांतून पुष्कळ शब्द बनतात. शब्द घडवताना जे खरे, ते शब्द शिकताना का खरे नसावे?

आता प्रत्ययांकडे येऊ. उपसर्ग अर्थ फिरवतो. प्रत्यय बहुतेक वेळा शब्दाचे काम बदलतो. नाम, विशेषण, क्रियापद, हे शेपटीवरून ओळखू येते. १९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तो शब्द घ्या. राष्ट्र, राष्ट्रीय, राष्ट्रीयीकरण. इंग्रजीत नेशन, नॅशनल, नॅशनलाइझ, नॅशनलायझेशन. 'अल' लागला, विशेषण झाले. 'आइझ' लागला, क्रियापद झाले. 'एशन' लागला, पुन्हा नाम झाले. जिन्याच्या पायऱ्या आहेत या. ज्याला हा जिना दिसला तो मॉडर्न, मॉडर्नाइझ, मॉडर्नायझेशन स्वतः चढून जातो.

जोड्या लावून ठेवा. 'नेस' आणि 'इटी' म्हणजे आपले पणा, ता, त्व. काइंडनेस, दयाळूपणा. 'लेस' म्हणजे हीन, 'फुल' म्हणजे पूर्ण. मीनिंगलेस, अर्थहीन, मीनिंगफुल, अर्थपूर्ण. 'एबल' म्हणजे नीय. रीडेबल, वाचनीय. 'शिप' म्हणजे कधी त्व, कधी की. लीडरशिप म्हणजे नेतृत्व. आणि पाटीलकी, मास्तरकी यांतला 'की' आठवला की 'शिप' लगेच जवळचा वाटतो.

शेतकरी बंधूंसाठी एक शेपूट मुद्दाम सांगतो, 'साइड'. लॅटिनमध्ये याचा अर्थ मारणे, ठार करणे. आपला 'नाशक'. इन्सेक्टिसाइड म्हणजे कीटकनाशक, फंगीसाइड म्हणजे बुरशीनाशक, हर्बिसाइड म्हणजे तणनाशक. शेपूट तिन्हींचे सारखे, म्हणून घाईत डबा उचलला की घात होतो. कोणाला मारणार ते शब्दाच्या डोक्यात लिहिले आहे. 'हर्ब' म्हणजे हिरवी वनस्पती. तो डबा चुकून संत्र्याच्या कलमांवर गेला तर तण आणि कलम यांतला फरक औषधाला नेहमीच कळतो असे नाही. आणि संत्र्यावरचा डिंक्या रोग ज्याच्यामुळे होतो त्याचे नाव कृषी केंद्रात ऐकता ना, फायटोफ्थोरा? ग्रीकमध्ये 'फायटो' म्हणजे वनस्पती, 'फ्थोरा' म्हणजे नाश. झाडाचा नाश करणारा, हे त्याच्या नावातच सांगितले आहे. ज्यांनी खोडाला बोर्डो मलम लावून बागा वाचवल्या आहेत त्यांना ते वेगळे सांगायला नको.

आता विद्यार्थ्यांनी कान द्या, कारण हे स्पेलिंगचे आहे. इल्लीगल या शब्दात एल दोन का? इर्रेग्युलरमध्ये आर दोन का? इम्पॉसिबलमध्ये एन जाऊन एम का आला? याला मराठीत उत्तर आहे. उत् अधिक लेख, काय होते? उल्लेख. 'त्' जाऊन 'ल्' झाला, कारण पुढे 'ल' आहे. तसेच इन अधिक लीगल, इल्लीगल. इन अधिक रेग्युलर, इर्रेग्युलर. आणि 'संतोष' म्हणताना अनुस्वाराचा न् होतो, 'संपत' म्हणताना म् होतो, कारण 'प' म्हणायला ओठ मिटावे लागतात. इन अधिक पॉसिबल, इम्पॉसिबल. ही संधीच आहे. इंग्रजी पुस्तक तिला संधी म्हणत नाही, एवढेच.

उपसर्ग कुठे संपतो ते कळले की अक्षरे मोजायची गरज राहत नाही. 'मिस' आणि 'स्पेल', दोन्हींचा एस आपापला, म्हणून मिसस्पेलमध्ये दोन एस. 'डिस' आणि 'अपिअर', एस एकाचाच, म्हणून डिसअपिअरमध्ये एक. 'अन' आणि 'नेसेसरी', एन दोन. वर्षानुवर्षे मी या शब्दांखाली लाल रेघा मारल्या. हे दोन मिनिटांत सांगता आले असते.

पण सावधगिरीही सांगतो, नाहीतर पोरे जिथे तिथे सुरी चालवतील. प्रत्येक 'री' उपसर्ग नसतो. रेडी, रेड यांत तो नाही. मराठीतही तसेच. बेजबाबदारमध्ये 'बे' आहे, पण बेसनात नाही. नालायकमध्ये 'ना' आहे, पण म्हणून नागपूर म्हणजे 'गपूर नसलेले' असे कोणी म्हणत नाही. तुकडा काढल्यावर मागे अर्थाचा शब्द उरतो का, हे आधी पाहायचे.

काही शब्द फसवेही असतात. नागपूर-बैतूल रस्त्याने टँकर जातात, त्यांच्या पाठीवर 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेले असते. इन म्हणजे नाही असे धरले तर अर्थ निघेल, न पेटणारे. खरा अर्थ उलटा आहे. भडकन पेट घेणारे. कारण इथला 'इन' नकाराचा नाही, 'आत'चा आहे. त्याचप्रमाणे 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे बिनकिमतीचे नव्हे, अनमोल. म्हणून उकल करून अंदाज बांधायचा, वाक्यात बसवून पाहायचा आणि शंका असेल तर शब्दकोश उघडायचा. त्या रात्री मी अंदाज बांधला होता, शब्दकोश उघडला नव्हता. कपाटात होता तो. कोणत्या शब्दाला अन आणि कोणत्याला इन, याचेही पक्के सूत्र नाही. आपण बेजबाबदार म्हणतो, अजबाबदार म्हणत नाही. का, ते सांगता येत नाही, कानाला कळते. इंग्रजीचा कान वाचून-ऐकूनच तयार होतो.

आता ज्यासाठी मी आज खरे तर उभा राहिलो ती गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी एक तरुण आई मुलाला घेऊन आली. पाचवीतला मुलगा. ती म्हणाली, "सर, याचं इंग्रजी सुधारावं म्हणून आम्ही घरी मराठी बंद केली. शाळेतूनच सांगितलं." मी मुलाला विचारले, 'अनहेल्दी' म्हणजे काय? त्याला येईना. मी म्हणालो, हेल्थ म्हणजे आरोग्य. तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याला आरोग्य हा शब्द माहीत नव्हता. आजी शेजारी बसली होती. म्हणाली, "मास्तर, हा माह्याशी बोलतच नाही. त्याले माही भाषा समजत नाही, मले त्याची."

माझ्यासमोर एक मूल बसले होते ज्याची एक भाषा काढून घेतली होती आणि दुसरी अजून आली नव्हती. सांधायला दुसरे टोकच नव्हते. ज्याला अशक्य, बेचव, निरोगी, गैरहजर हे शब्द घरात ऐकून येतात त्याला अन, डिस, मिस समजावायला मला एक तास पुरतो. ज्याला ते येत नाहीत त्याला मी काय आधार देऊ? त्याच्यासाठी प्रत्येक इंग्रजी शब्द पुन्हा अख्खा गिळण्याचाच उरतो.

मी त्या आईला एवढेच सांगितले की इंग्रजी वाढवा, जितकी वाढवता येईल तितकी, पण मराठी काढून तिची जागा करू नका. आणि आजीला रोज अर्धा तास द्या. आजी गोष्ट सांगेल, नातू त्यातला एक शब्द उचलेल, त्याचे तुकडे करेल, आणि तसाच इंग्रजी शब्द शोधून आजीला सांगेल. मुलगा अजून माझ्याकडे येतो. परवा त्याने मला सांगितले, "आजोबा, आजी म्हणते पोरगा निकामी झाला. निकामी म्हणजे यूसलेस ना? नि म्हणजे लेस, फक्त लेस मागून लागतो!" मी त्याला म्हटले, बेटा, आजीने ते तुझ्याबद्दल म्हटले असेल तर ते चूक आहे, पण तुझे उत्तर बरोबर आहे.

घरी काय करायचे ते थोडक्यात सांगतो. एक वही करा, पानावर तीन रकाने, इंग्रजी, मराठी, हिंदी. आठवड्याला एक उपसर्ग किंवा एक प्रत्यय, त्याहून जास्त नको. शब्द पुस्तकातूनच यावेत असे नाही. औषधाच्या पुडीवरून, बियाण्याच्या पाकिटावरून, रेल्वेच्या तिकिटावरून, वीजबिलावरून आणा. संध्याकाळची आरती झाली की दहा मिनिटे बसा. मोठ्यांनी मराठी शब्द द्यायचा, लहानांनी इंग्रजी जोडीदार शोधायचा. चुकले तर हसू नका, आणि उभे तर मुळीच करू नका. ती चूक मी बत्तीस वर्षे केली आहे.

शेवटी ज्याच्या दारात आपण बसलो आहोत त्याची गोष्ट. व्यासांना महाभारत लिहून घ्यायला लेखक हवा होता. गणपती तयार झाला, पण म्हणाला, माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनीही अट घातली, तू अर्थ समजल्याशिवाय एक अक्षर लिहायचे नाहीस. साक्षात बुद्धिदात्याला घातलेली अट आहे ही. समजल्याशिवाय लिहायचे नाही. मग आपण आपल्या पोरांना न समजता दहा-दहा शब्द का लिहायला लावतो?

दादा आज या मंडपात बसले आहेत. खिशात खडीसाखर ठेवतात. आणि त्यांच्या कागदावर आता मी मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून ठेवले आहे, हायपो म्हणजे उप, खाली.

 गणपती बाप्पा मोरया!